महाड-पोलादपूर परिसरातील शक्ती-तुरा : परंपरा आणि नवता यांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

सावित्री नदीच्या खोऱ्यातील महाड आणि पोलादपूर हे तालुके इतिहासाच्या अभ्यासकांना रायगड किल्ला, तानाजी मालुसरे यांचे उमरठ आणि १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह यांमुळे परिचित आहेत. याच खोऱ्यातील वाड्यावाड्यांतून गणेशोत्सवाच्या रात्री जागवणारा शक्ती-तुरा हेदेखील इतिहासाचे एक जिवंत साधन आहे. जाखडी किंवा बाल्या नाच या नावांनीही हा गायन-नर्तनप्रकार ओळखला जातो. मृदंग, ढोलकी व टाळ यांच्या जोडीला त्यात आज ऑर्गन आणि ऑक्टोपॅड आले आहेत आणि जुन्या चालींबरोबर चित्रपटगीतांच्या चालीही गायिल्या जातात. त्यामुळे 'कला बिघडली' अशी तक्रार जाणत्या श्रोत्यांकडून होत असते. या तक्रारीची ऐतिहासिक दृष्टीने तपासणी करणे आणि या कलेतील परंपरा नेमकी कशात आहे याचा शोध घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

उगम आणि तत्त्वविचार

शक्ती-तुऱ्याचे मूळ देशावरील कलगी-तुऱ्याच्या शाहिरी परंपरेत आहे. तुकनगीर गोसावी आणि शाह अली फकीर यांच्या गायनावर प्रसन्न होऊन चंदेरीच्या राजाने एकास तुरा व दुसऱ्यास कलगी दिली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. कथेची ऐतिहासिकता बाजूला ठेवली तरी तिचा आशय लक्षणीय आहे. एक गोसावी आणि एक फकीर परस्परांचे प्रतिस्पर्धी आहेत, पण दोघेही मानाचे धनी ठरले आहेत. पुढे तुरेवाल्यांनी शिवाचे, म्हणजे पुरुषतत्त्वाचे, आणि कलगीवाल्यांनी शक्तीचे, म्हणजे प्रकृतितत्त्वाचे श्रेष्ठत्व मांडले. कोकणात कलगीचा पक्ष 'शक्ती' याच नावाने रूढ झाला. शिव श्रेष्ठ की शक्ती, या प्रश्नाचा अंतिम निकाल कधीच लागत नाही. निकाल लागत नाही म्हणूनच पुढील वर्षी पुन्हा सामना रंगतो.

या भूमीला शाहिरीचे नाते नवे नाही. सिंहगडाच्या लढाईवरील तुळशीदासाच्या पोवाड्याचा नायक तानाजी हा याच परिसराशी जोडलेला वीर होय. मात्र पोवाडा एका वीराची कीर्ती गातो, तर शक्ती-तुरा दोन पक्षांचा वाद मांडतो. या वादाला लागणारे ज्ञान पुराणकथांचे असते. श्रीधरांच्या 'हरिविजय', 'पांडवप्रताप', 'शिवलीलामृत' यांसारख्या ग्रंथांच्या श्रवणावर पोसलेल्या समाजातच अशा सवाल-जवाबांना श्रोता मिळू शकतो. पोलादपूर परिसरातील कीर्तनाची आणि वारकरी भजनाची भक्कम परंपरा ही या दृष्टीने पूरक ठरली.

सादरीकरणाचे स्वरूप

मध्यभागी शाहीर, त्याचे साथीदार व वादक बसतात आणि त्यांच्याभोवती पायांत चाळ बांधलेले नर्तक गोल धरून नाचतात. हातात हात गुंफून एकमेकांना जखडल्यासारखे नाचतात म्हणून 'जाखडी', अशी या नावाची एक व्युत्पत्ती दिली जाते. 'बाल्या' हे नाव मुंबईत कानात बाळी घालून वावरणाऱ्या कोकणी चाकरमान्यावरून आले, असे मानले जाते. आरंभी गण व स्तवन, त्यानंतर गौळण आणि मग सवाल-जवाब, असा क्रम साधारणतः आढळतो. एका पक्षाने पुराणातील कूट प्रश्न गाऊन टाकावा आणि दुसऱ्याने त्याच रात्री, शक्य तर त्याच चालीत, उत्तर द्यावे, हा या कलेचा प्राण होय.

मुंबईशी जडलेले नाते

या कलेचे प्रमुख आश्रयदाते राजेरजवाडे नव्हते. ती मुख्यतः कुणबी व अन्य कष्टकरी समाजांनी सांभाळली. कुलाबा जिल्ह्यातही (१९८१ पासून रायगड) खोती पद्धतीखाली कुळाला शेतीवर पोट भरणे कठीण होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती निर्मूलनाचे विधेयक मांडले, पण प्रत्यक्ष कायदा १९४९ मध्ये झाला. दरम्यान घराघरांतील तरुणांनी मुंबईच्या गिरण्यांची वाट धरली होती. गिरणगावात गावकीच्या खोल्या, भजनी मंडळे आणि त्यांबरोबर नाचाची मंडळेही उभी राहिली.

समाजसेवा संघाचे परळ येथील दामोदर सभागृह हे या घडामोडींचे मोठे साक्षीदार आहे. ९ मार्च १९२४ रोजी याच सभागृहात बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेसाठी बैठक झाली. पुढील काळात नमन आणि शक्ती-तुरा यांचे तिकीट लावून होणारे प्रयोग हे या नाट्यगृहाचे वैशिष्ट्य बनले. या स्थलांतराने कलेचे रूप पालटले. अंगणात श्रोते चारही बाजूंना असतात, रंगमंचावर ते एकाच बाजूस बसतात. साहजिकच नर्तकांचा गोल प्रेक्षकांच्या दिशेने उघडला गेला. पहाटेपर्यंत चालणारा वाद नाट्यगृहाच्या ठरावीक तासांत बसवावा लागला. ऑर्गन येण्यापूर्वीच घडलेला हा बदल अधिक मूलगामी होता, परंतु त्याला कोणी 'बिघाड' म्हटले नाही, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

चाली आणि वाद्ये

परक्या चाली उचलणे ही मराठी रंगभूमीला नवी गोष्ट नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'मध्ये (१८८०) कीर्तनातील, लावणीच्या आणि कर्नाटकी वळणाच्या चाली सुखाने नांदल्या. शाहिरानेही श्रोत्याच्या कानावर असलेली चाल घेऊन तीत आपले शब्द भरले. भजनाची चाल ऐकणारा श्रोता चित्रपट पाहू लागला, तेव्हा शाहिराच्या चालीही बदलल्या. ध्वनिक्षेपक, १९८० नंतरच्या ध्वनिफिती, पुढे चित्रतबकड्या आणि अलीकडे भ्रमणध्वनी यांनी हा वेग वाढवला.

जगातील अन्य प्रादेशिक संगीतातही हीच प्रक्रिया आढळते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ऑलमन ब्रदर्स बँडने कृष्णवर्णीयांचे ब्लूज आणि ग्रामीण कंट्री संगीत विजेच्या गिटारवर आणले. त्यातून 'सदर्न रॉक' नावाचा स्वतंत्र प्रवाह घडला. वाद्य नवे होते, पण बोलीचा हेल त्या प्रदेशाचाच राहिला. शक्ती-तुऱ्यातील ऑर्गनचे मूल्यमापनही याच कसोटीवर करणे उचित ठरेल.

या कसोटीवर नव्या वाद्यांचा खरा दोष वेगळाच दिसतो. मृदंग शब्दाला जागा देतो, थांबतो आणि सवाल संपल्यावर उसळतो. वाढवलेल्या आवाजातील ऑक्टोपॅड अखंड वाजत राहिला तर सवाल ऐकूच येत नाही. जो सवाल ऐकू येत नाही त्याचे उत्तर देण्याची गरजही उरत नाही. मग पुराणातील कूटाची जागा प्रतिस्पर्ध्याच्या वैयक्तिक टवाळीला मिळते. याउलट, नवतेनेच काही दारे उघडली आहेत. पुरुषांनीच स्त्रीतत्त्वाची बाजू मांडावी, अशा या सामन्यात आता स्त्री शाहीरही उभ्या राहतात. 'शक्ती श्रेष्ठ' हे विधान स्त्रीच्या तोंडून आले की जुन्या वादाला वेगळाच अर्थ प्राप्त होतो.

आजची स्थिती

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर गिरणगाव ओसरत गेले आणि मंडळांचा एका वस्तीतील सहवास विरळ झाला. दामोदर नाट्यगृह नोव्हेंबर २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले, तेव्हा कोकणी लोककलावंतांना हक्काचे व्यासपीठ गमवावे लागले. गावाकडची स्थितीही नाजूक आहे. शाहिरांचे सवाल त्यांच्या हस्तलिखित बाडांत असतात आणि ही बाडे घरातील फळीवर किंवा पेटीत राहतात. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली गेले, तर तळीये, केवनाळे व साखर-सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. ज्या खोऱ्यात माणसांनाच घरे सोडून पळावे लागते, तेथे कागद किती काळ टिकणार?

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, शक्ती-तुऱ्याची परंपरा कोणत्याही एका वाद्यात वा चालीत नाही. आश्रय, रंगस्थळ, वाद्ये आणि चाली हे सर्व काळानुसार बदलत आले. टिकला तो वादाचा नियम, म्हणजे प्रतिपक्षाचे पूर्ण ऐकावे आणि मगच त्याला उत्तर द्यावे. शालेय शिक्षण फारसे न लाभलेल्या समाजाने तत्त्वचर्चेची स्वतःची सभा या नियमावर शतकानुशतके चालवली. म्हणून ऑर्गनला विरोध करण्यापेक्षा सवाल ऐकू येतो की नाही हे पाहणे अगत्याचे आहे. परिसरातील महाविद्यालयांच्या मराठी व इतिहास विभागांनी शाहिरांच्या संमतीने बाडांच्या प्रती काढून ठेवल्या आणि वृद्ध शाहिरांचे गायन ध्वनिमुद्रित केले, तर सवालाबरोबर त्याचा जवाबही पुढील पिढीच्या हाती लागेल.