जिन्याची रुंदी आणि छातीची जागा

अरुंद वाटेतून किती माणसे जातील, याचा हिशेब बराच काळ नळातल्या पाण्यासारखा मांडला गेला. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा नियमांत बाहेर पडण्याच्या वाटेचे एकक २२ इंच होते. सैनिकाच्या खांद्यांची रुंदी तेवढी धरली होती. १९५८ मध्ये हॅन्किन आणि राइट यांनी लंडनच्या भुयारी रेल्वेतील वाटा अभ्यासल्या आणि सपाट वाटेच्या दर फूट रुंदीतून मिनिटाला सुमारे २७ माणसे जातात, असे मांडले. आकडा कामाचा होता, पण त्यात एक खोट आहे. मिनिटाला पाचच माणसे गेली, तर वाट रिकामी आहे की तुंबली आहे? मोजणी दोन्ही वेळा तेच उत्तर देते, आणि त्यांतली एक वेळ जिवावर बेतणारी असते. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन फ्रुइन यांनी प्रश्न फिरवला: माणसाच्या वाट्याला जमीन किती येते? त्यांनी उभ्या देहासाठी १८ बाय २४ इंचांचा लंबगोल धरला. चौरस मीटरमागे सातच्या आसपास माणसे झाली की गर्दी द्रवासारखी वागते आणि मागचा एक रेटा लाटेसारखा पुढे जातो, असे त्यांनी पुढे दाखवले. २००६ मध्ये मक्केजवळच्या जमारात पुलापाशी शेकडो यात्रेकरू दगावले. तिथल्या चित्रफितींत संशोधक हेल्बिंग आणि सहकाऱ्यांना असा क्रम दिसला: आधी थांबत-सरकत जाणारी गर्दी, मग चहूबाजूंनी हेलकावे.

यावर मुंबईकर विचारील की आमच्या लोकलमध्ये चौरस मीटरमागे चौदा ते सोळा माणसे उभी असतात आणि रेल्वे त्याला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणते, मग सातचे भय कशाला? शिवाय २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत भारतीय लोक जर्मनांपेक्षा कमी अंतर ठेवून चालताना आढळले. हे खरे आहे. पण सवय अंतराची होते, फासळ्यांची होत नाही. डब्यात दार भरले की मागून आणखी माणसे येणे थांबते, जिन्यावर मात्र ती येतच राहतात आणि पुढचे थांबलेत हे मागच्याला दिसत नाही. आपला ‘चेंगरणे’ हा शब्द इथे अचूक आहे, कारण अशा गर्दीत माणसे बहुधा दाबाने श्वास कोंडून मरतात, कित्येकदा उभ्याउभ्याच. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी मुंबईतील एल्फिन्स्टन रोड आणि परळ या रेल्वे स्थानकांना जोडणाऱ्या पुलावर पावसामुळे लोक आडोशाला थांबले, खाली गाड्या येतच राहिल्या आणि २३ जण गेले. पुलावरून दिवसाला किती जातात, हा आकडा त्या मिनिटांबद्दल काहीच सांगू शकत नव्हता. मोजायला हवा होता तो जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीआधीचा एक चौरस मीटर, आणि त्यात सातवा माणूस येण्याआधी खालचा लोंढा फलाटावरच थोपवायला हवा होता.