वाईनचा वास आणि बागेतल्या बाईचा हात

आज आपण वाईनच्या वासाचा इतिहास ऐकणार आहोत. विषय ऐकून काही जणींच्या भुवया वर गेल्या असतील. गावात बाटली आडवी करायला आपणच मतदानाच्या रांगेत उभ्या राहतो, आणि आपल्याच रेडिओवर वाईन कशाला, असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे. म्हणून आधीच सांगतो. वाईन ही दारूच आहे. तिच्यात साधारण १२ ते १३ टक्के मद्यार्क असतो. फळापासून झाली म्हणून ती औषध होत नाही आणि दारूपायी उजाड झालेल्या घराला तिचा रंग कोणता होता याने फरक पडत नाही. ती प्या, असं आम्ही कुणाला सांगत नाही.

तरीही हा विषय घेतला, त्याला दोन कारणं आहेत. नाशिकच्या पट्ट्यात वाईनच्या द्राक्षांच्या बागा आहेत. २००१ साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि विंचूरला व पलूसला वाईन पार्क काढायचं ठरलं. या बागांत आपल्यासारख्याच बाया राबतात. हे एक कारण. दुसरं असं, की वाईनला वास कशामुळे येतो हे शोधताना शास्त्रज्ञांना शेवटी स्वयंपाकघरातल्याच वस्तूंकडे यावं लागलं. ती गोष्ट आपल्या कामाची आहे.

वास म्हणजे काय, इथून सुरुवात करू. फोडणीत हिंग पडला की ओसरीवर बसलेल्या आजीला कळतं. हिंगातले अगदी बारीक, हलके कण हवेत उडतात आणि तिच्या नाकापर्यंत पोचतात. वाईनचंही तसंच. तिच्यात सुमारे ८५ टक्के पाणी असतं. बाकीच्यात मद्यार्क, थोडी आम्लं, थोडी साखर. वासाची सगळी द्रव्यं एकत्र केली तर लिटरमागे जेमतेम एक ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चिमूटभर. पण त्या चिमटीत आठशेहून जास्त प्रकारची द्रव्यं सापडली आहेत. सारा घमघमाट त्या चिमटीचा.

ही द्रव्यं येतात कुठून? काही द्राक्षातूनच येतात, काही रस आंबताना तयार होतात. रस आपोआप आंबतो असं लोक पूर्वी समजत. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी १८५० नंतरच्या वर्षांत दाखवून दिलं, की हे काम यीस्ट नावाचे जिवंत सूक्ष्मजीव करतात. १८६६ साली त्यांनी वाईनवर ग्रंथच लिहिला. यीस्ट रसातली साखर खातं आणि मद्यार्क बनवतं. ते करता करता वासाची द्रव्यंही तयार करतं. त्यातलं एक तर पिकलेल्या केळ्यासारखं वास मारतं, कारण केळ्याच्या वासातही तेच द्रव्य असतं. केळं कुठेच नाही, तरी वास केळ्याचा.

पण चिमटीतली शेकडो द्रव्यं एकमेकांपासून वेगळी कशी करायची? हे कोडं १९५२ साली सुटायला लागलं. इंग्लंडमध्ये जेम्स आणि मार्टिन या दोन शास्त्रज्ञांनी एक पद्धत काढली. तिला गॅस क्रोमॅटोग्राफी म्हणतात. नाव अवघड आहे, युक्ती सोपी. बाजारातून दहा बाया एकदम निघतात. कुणी झपाझप चालते, कुणी ओळखीच्या प्रत्येक दारात थांबते, कुणी दोनच ठिकाणी. त्यामुळे गावच्या वेशीत त्या वेगवेगळ्या वेळी पोचतात. या यंत्रात वासाचं मिश्रण वाफ करून लांबलचक नळीतून गॅसबरोबर सोडतात. नळीला आतून जो लेप असतो, त्याला काही द्रव्यं जास्त चिकटतात, काही कमी. म्हणून शेवटी ती एकेक करून बाहेर पडतात.

यंत्र सांगतं, अमुक द्रव्य इतकं आहे. त्याचा वास कसा आहे हे मात्र ते सांगू शकत नाही. म्हणून नळीच्या टोकाशी माणूसच बसवावा लागला, जो नाक लावून सांगेल, आता फुलासारखा आला, आता जळकट आला. आजही प्रयोगशाळांत असं करतात. इतकं महागडं यंत्र, आणि निकाल नाकाचा.

आता १९६९ साल. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सरकारी शेती प्रयोगशाळेत रॉन बटरी आणि त्यांचे सहकारी ढोबळी मिरचीवर काम करत होते. ढोबळी मिरची चिरली की जो हिरवट, कच्चट वास येतो, तो कुठल्या द्रव्याचा, हे त्यांनी शोधून काढलं. त्या द्रव्याचं नाव आयसोब्युटाइल मेथॉक्सीपायराझीन. आपण त्याला 'मिरचीवास' म्हणू. नवल त्याच्या प्रमाणात आहे. दहा हजार लिटरचा एक टँकर धरा. असे एक लाख टँकर पाणी आणि त्यात मिसळलेला फक्त दोन ग्रॅम मिरचीवास. एवढ्यावरही माणसाच्या नाकाला तो जाणवतो. पुढे याच बटरींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुवासिक तांदळाच्या वासामागचं मुख्य द्रव्यही शोधलं. आपल्या आंबेमोहोर भाताचं झाकण उघडल्यावर जो दरवळ येतो, त्यात तेच असतं.

मिरचीचा वाईनशी संबंध काय? १९७५ साली फ्रान्समधल्या संशोधकांना हाच मिरचीवास कॅबर्ने सोव्हिन्यों जातीच्या द्राक्षांत सापडला. पुढे सोव्हिन्यों ब्लां या जातीतही सापडला. या दोन्ही जाती नाशिककडे लावतात. वाईन पिणारे 'हिरवट लागते' म्हणून कुरकुर करत, त्याचं कारण हातात आलं. थोडा असला तर तो त्या जातीची ओळख असतो, फार झाला तर वाईन कच्च्या भाजीसारखी लागते आणि भाव पडतो.

मग तो कमी कसा करायचा? मणी हिरवे असताना मिरचीवास त्यांच्यात साठत जातो. मण्यांत पाणी उतरायला लागलं की तो घटत जातो. हिरव्या मण्यांवर वेळेवर उजेड पडला तर तो मुळातच कमी साठतो. घड दाट पानांच्या सावलीत दबून राहिले तर जास्त साठतो. म्हणून घडाजवळची पानं योग्य वेळी काढायची. पण आपल्याकडचं ऊन कडक. फार पानं काढली तर मणी भाजतात. म्हणून सकाळचं कोवळं ऊन येतं त्या बाजूची पानं काढायची, दुपारच्या बाजूची सावली ठेवायची.

हे कोण करतं? मैत्रिणींनो, बहुतेक ठिकाणी बाईच करते. वेलीपुढे उभी राहून कुठलं पान ठेवायचं, कुठलं काढायचं, हे ती क्षणात ठरवते. शास्त्रज्ञाच्या यंत्रात जो आकडा वर-खाली होतो, तो आधी तिच्या बोटांतून गेलेला असतो. तरी हजेरीच्या वहीत तिचं काम 'साधी मजुरी' म्हणून लागतं, आणि बाटलीवर तिचा उल्लेख कुठेच नसतो.

आता एका बाईचीच गोष्ट. अॅन नोबल. १९७४ साली त्या कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात द्राक्ष आणि वाईन विभागात शिकवायला लागल्या. त्या विभागात नेमलेल्या त्या पहिल्या महिला अध्यापक. त्या काळी वाईनबद्दल बोलताना लोक 'उमदी', 'डौलदार', 'खानदानी' असे शब्द वापरत. ऐकायला छान, पण एकाला जी डौलदार वाटते ती दुसऱ्याला का वाटू नये, याला उत्तर नाही. नोबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं, की चांगलं-वाईट बाजूला ठेवायचं आणि वास कशासारखा येतो तेवढंच सांगायचं. १९८४ साली त्यांनी अशा शब्दांची रीतसर मांडणी केली. तीच 'वासाचं चक्र' म्हणून जगभर पोचली. चक्राच्या मध्यात बारा मोठे गट आहेत. फळांचा, फुलांचा, मसाल्याचा, भाजीपाल्याचा, लाकडाचा, मातीचा, असे. बाहेरच्या कडेला नेमक्या वस्तू. मसाल्यात लवंग आणि मिरे, भाजीपाल्यात आपली ढोबळी मिरची.

आणि हे शब्द शिकवायचे कसे? साध्या, फारसा वास नसलेल्या वाईनमध्ये खरीखुरी वस्तू टाकायची. ढोबळी मिरचीचा तुकडा, लवंग, फळाचा रस. विद्यार्थ्यांनी हुंगायचं आणि लक्षात ठेवायचं. जे पोरीबाळी आईच्या पदराआड उभ्या राहून डब्या हुंगत शिकतात, ते विद्यापीठात शिकवायला लागलं.

शोध तिथे थांबला नाही. सोव्हिन्यों ब्लां द्राक्षाचा रस हुंगला तर फारसा वास नसतो, पण वाईन झाली की पेरूसारखा वास येतो. तो कुठे लपलेला असतो? १९९० नंतर फ्रान्समधल्या बोर्दो शहरात देनी द्युबुर्द्यू आणि जपानहून आलेले ताकातोशी तोमिनागा यांनी सहकाऱ्यांसह याचा छडा लावला. ही गंधकाची द्रव्यं द्राक्षात दुसऱ्या कणांना बांधलेली असतात, म्हणून उडत नाहीत. यीस्ट ती गाठ सोडवतं. अख्खा कांदा गप्प असतो, चिरला की डोळ्यांत पाणी आणतो. तिथे काम सुरी करते, इथे यीस्ट. आणि यातलं एक द्रव्य पेरूच्या वासातही आहे, म्हणजे नाक चुकत नव्हतं.

मग २००८ साल. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांना शिराझ जातीच्या वाईनमधलं मिऱ्याच्या वासाचं द्रव्य सापडलं. रोटंडोन त्याचं नाव. आपल्या काळ्या मिऱ्यातही तेच आहे. चाचणीत एक गंमत दिसली. हुंगणाऱ्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला तो वास येतच नव्हता, कितीही टाकला तरी. ती माणसं कमी हुशार नव्हती, त्यांची नाकंच तशी. म्हणजे एकट्याच्या नाकावर कधी विसंबू नये.

यातून आपण काय घ्यायचं?

पहिलं, शब्द. नोबलबाईंच्या चक्रात त्यांच्या देशातली फळं आहेत, जी आपण पाहिलीही नाहीत. पण आपल्याकडे शब्दांचा तुटवडा नाही. खमंग, करपट, खवट, कुबट, आंबूस, कच्चट, धुरकट, मातकट, ओशट, उग्र. एकेक शब्द म्हणजे एकेक तपासणी आहे. तेल जुनं झालं तर खवट, डबा ओला राहिला तर कुबट, आच जास्त झाली तर करपट. शब्द ऐकला की चूक कुठे झाली ते कळतं. 'बरं नाही लागत' म्हटलं तर काहीच कळत नाही.

दुसरं, रीत. आपले गट मसाले, चटण्या, लोणची, पापड करतात. प्रत्येक घाण्याचा किंवा खेपेचा थोडा नमुना बरणीत ठेवा. तीन-चार जणींनी तो वेगवेगळा हुंगावा आणि एकमेकींशी न बोलता आपापला शब्द वहीत लिहावा. मगच बोलावं. आधी बोललं की मोठ्या बाईचा शब्द सगळ्यांचा होतो. तपकीर, मशेरी आणि अत्तर त्या वेळी लांब ठेवा. एकीला वास आला नाही तर तिला हसू नका. मिऱ्याची गोष्ट आठवा.

तिसरं, मोल. बागेचं काम उक्तं घेणाऱ्या आपल्या टोळ्या आहेत. भाव ठरवताना 'पानं तोडायची आहेत' एवढंच म्हणू नका. कुठल्या बाजूची पानं, घडाला उजेड किती, मणी कुठल्या अवस्थेत, हे आम्हाला कळतं, असं सांगा. मालाचा वास आणि भाव ज्या कामावर ठरतो ते काम कसबाचं आहे, आणि कसबाची मजुरी मागणं ही भीक नाही. एकटीनं म्हटलं तर उद्यापासून येऊ नकोस म्हणतील. गटानं म्हटलं तर ऐकावं लागेल.

वाईन प्यायची नाही हे आपलं आपण ठरवू शकतो. पण ती पिकवणाऱ्या हातांना काय मिळावं, हेही आपणच ठरवायला हवं. पुढच्या बैठकीत मिसळणाच्या डब्यातल्या वस्तू डोळे मिटून हुंगून बघा आणि किती शब्द जमले ते वहीत लिहून आम्हाला कळवा. नमस्कार.