राईट क्लिक ते गेट-मेलबॉक्स

शनिवार सकाळ, दुसरा चहा, आणि आज थोडा इतिहास.

मंडळी, २००० च्या आसपास विंडोज सर्व्हर सांभाळणं म्हणजे काय होतं? राईट क्लिक, प्रॉपर्टीज, टॅब, टिकमार्क, ओके. एका मेलबॉक्ससाठी ठीक आहे हो, पण पाचशेंसाठी? व्हीबीस्क्रिप्ट होतं, पण ते लिहीपर्यंत क्लिक करून काम संपायचं. तिकडे युनिक्सवाले दोन ओळी टाइप करून घरी जायचे आणि आमच्याकडे बघून गालातल्या गालात हसायचे.

१९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये आलेल्या जेफ्री स्नोव्हरला हेच खुपत होतं. पहिला विचार सरळ होता: युनिक्सची हत्यारं विंडोजवर आणायची. आणली, आणि चालली नाहीत! कारण युनिक्समध्ये बहुतेक सेटिंग म्हणजे साधी टेक्स्ट फाईल. ग्रेप, ऑक त्यावर मजेत चालतात. विंडोजची सेटिंग्ज मात्र रजिस्ट्रीत, डब्ल्यूएमआयमध्ये, एपीआयच्या मागे दडलेली. तिथे ऑक बिचारं काय करणार?

मग त्याने वेगळाच डाव टाकला. एका कमांडकडून दुसरीकडे टेक्स्ट न पाठवता अख्खा ऑब्जेक्टच पाठवायचा. म्हणजे तिसऱ्या कॉलमातला चौथा शब्द शोधत बसायला नको, थेट 'नाव' किंवा 'साईझ' मागा. ऑगस्ट २००२ मध्ये त्याने हे 'मोनाड मॅनिफेस्टो'त मांडलं. बक्षीस काय मिळालं? पदावनती! हे त्याने स्वतःच नंतर जाहीरपणे सांगितलंय. ज्या कंपनीचं नाव खिडक्यांनी झालं, तिथे काळ्या स्क्रीनचा आग्रह धरायचा म्हणजे... असो.

नोव्हेंबर २००६ मध्ये पॉवरशेल १.० आलं. त्याच सुमारास आलेल्या एक्स्चेंज सर्व्हर २००७ ने तर कमालच केली. त्याच्या खिडक्या आतून पॉवरशेलच्याच कमांड चालवायच्या. विझार्ड संपला की शेवटच्या पानावर कमांड दिसायची. मी ती कॉपी करून नोटपॅडमध्ये साठवायचो. माझी शिकवणी हीच, फी शून्य. (ही कमांड लाईन लिनक्सवरही आली, ती ऑगस्ट २०१६ मध्ये. तेव्हा हसणाऱ्यांचे चेहरे बघायला मी हजर नव्हतो, ही खंत आहेच.)

आता माझा पराक्रम. एका कंपनीत शुक्रवारी रात्री ट्रेनी मंडळींच्या मेलबॉक्सना २०० एमबीची मर्यादा लावायची होती. गेट-मेलबॉक्स, पाईप, सेट-मेलबॉक्स. एंटर. 'फक्त ट्रेनी' हा फिल्टर राहिला! 'खात्री आहे का?' असं कोणी विचारलंसुद्धा नाही. माऊसने ही चूक करायला मला महिना लागला असता.

शनिवारी सकाळपासून फोन. ज्यांचे मेलबॉक्स मोठे, म्हणजे अर्थातच साहेब लोक, त्यांची मेल बाहेर जाईना. जुन्या मर्यादा मी कुठेच उतरवून ठेवल्या नव्हत्या. शेवटी 'व्हॉटइफ' जोडून कमांड परत चालवली. ती काही बदलत नाही, फक्त काय बदलेल ते सांगते. यादी सरकत राहिली आणि बरोबर हजारावर थांबली.

गेट-मेलबॉक्स वेगळं सांगितलं नाही तर पहिले हजारच मेलबॉक्स देतं. आमच्याकडे त्याहून बरेच जास्त होते. उरलेल्यांना काही झालंच नव्हतं. त्या हजारांना मात्र मी रविवारी रात्रीपर्यंत, एकेकाला फोन करून मर्यादा विचारत होतो.