सिद्धगड, अल्-किंदी आणि व्हीपीएन

यंदा २ जानेवारीला मुलांना घेऊन सिद्धगडच्या स्मारकाला गेलो. १९४३ साली याच दिवशी पहाटे इथल्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले होते. जागा लपायला उत्तम, तरी पोलिसांना ठाव लागलाच. "सर, त्यांच्याकडे व्हीपीएन असता तर?" नववीतल्या एकाने विचारलं. सगळे हसले. मला मात्र तो प्रश्न सोडवेना.

गुप्त निरोपांची विद्या आपल्याला परकी नाही. नवव्या शतकात अल्-किंदीने बगदादमध्ये, कोणतं अक्षर किती वेळा येतं हे मोजून सांकेतिक मजकूर फोडायची रीत लिहून ठेवली. उर्दूच्या तासाला मी मुलांना अलिफ आणि लाम मोजायला लावतो, गोम त्यांच्या चटकन लक्षात येते. पुढे १८८३ मध्ये कर्कहॉफ्सने सांगितलं की कुलपाची रचना शत्रूला कळली तरी चालेल, किल्ली कळता कामा नये. (तोही भाषेचा मास्तर, म्हणून मला अंमळ अभिमान!) मुक्त स्रोत व्हीपीएनचा पाया हाच.

२००१ मध्ये जेम्स योनानने ओपनव्हीपीएन काढलं. मध्य आशियात फिरताना अनोळखी नेटवर्कवरून ऑफिसशी जोडायचं, याच्या काळजीतून. अल्-ख्वारिज्मीच्या मुलखातच म्हणा ना! ते जुनं आणि अवजड, पण सुरक्षित वेबसाइटच्याच दारातून जाऊ शकतं, त्यामुळे जिथे बाकी वाटा बंद तिथेही शिरतं. जेसन डोनेनफेल्डचं वायरगार्ड २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आलं. त्याचा कोड जेमतेम चार हजार ओळींचा, एका माणसाला वाचून तपासता येईल इतका. घाटात मोबाइलचं नेटवर्क बदललं तरी ते तुटत नाही, आणि अनोळखी किल्लीला उत्तरही देत नाही. मी घरच्या संगणकासाठी तेच ठेवलं. यूडीपी अडवणाऱ्या जागी मात्र ओपनव्हीपीएनच लागतं.

पण बोगद्याच्या पलीकडे बसतो कोण? २०२२ मध्ये सर्ट-इनने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं-पत्ते पाच वर्षं जपायला सांगितलं, तेव्हा काहींनी भारतातले सर्व्हर हलवले. फुकट अ‍ॅप चालवणारा काय जपतो, ते तर विचारायलाच नको.

परतीच्या एसटीत त्या मुलाचा मोबाइल मागितला. तीन फुकट व्हीपीएन अ‍ॅप निघाली. म्हटलं, "यांचा मालक कोण, सांग." तो खिडकीबाहेर बघू लागला. तिन्ही काढून टाकली.