धर्मगुरूंची वनस्पतिविद्या

मोसम नदीच्या कांठीं वसलेल्या आपल्या नामपुरांत पेरणीपूर्वीं शेतकरी हवामानाचा अंदाज पाहतो आणि पावसासाठीं प्रार्थनाही करतो. या दोहोंत विरोध आहे असें त्यास वाटत नाहीं. परंतु त्याचाच मुलगा कॉलेजांत शिकून आला म्हणजे विचारतो कीं, शास्त्र खरें कीं धर्म खरा? हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हे. त्याचें नीट उत्तर न मिळाल्यामुळें कित्येक तरुण मिस्सेस येणेंच सोडतात.

सन १६३३ मध्यें, पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरते असें प्रतिपादणाऱ्या गॅलिलिओस रोमच्या धर्मन्यायासनानें दोषी ठरविलें. ही चूक होती, व ती झांकण्यांत अर्थ नाहीं. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं सन १९९२ मध्यें ती जाहीरपणें मान्य केली. तथापि एवढ्यावरून ख्रिस्तसभा शास्त्राची वैरीण आहे असें जे म्हणतात, त्यांनीं एकदां मुंबईस जाऊन यावें.

तेथें येशूसंघीयांनीं सन १८६९ मध्यें स्थापिलेल्या सेंट झेवियर्स कॉलेजांत वाळविलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे. त्यास फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांचें नांव दिलेलें आहे. हे मूळचे स्वित्झर्लंडचे. जन्म सन १८७७. पश्चिम घाटापासून राजपुतान्याच्या वाळवंटापर्यंत हिंडून त्यांनीं वनस्पती अभ्यासिल्या. हिंदुस्थान व सिलोनमधील ताडवर्गीय वृक्षांवरील त्यांचा ग्रंथ सन १९२६ मध्यें प्रसिद्ध झाला. पुढें कांहीं काळ ते पांचगणीस धर्मगुरू होते. सन १९३४ मध्यें ते निवर्तले.

असा संग्रह करणें म्हणजे काय, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. फुलासह डहाळी खुडावयाची, कागदांच्या घड्यांत दाबून वाळवावयाची, जाड कागदावर डकवावयाची, आणि खालीं नांव, स्थळ, दिनांक व गोळा करणाराचें नांव लिहावयाचें. एकदां नव्हे, सहस्रावधी वेळां! चुकीचा दिनांक लिहिला तर सारा खटाटोप फुकट. येथें भक्तीची सबब चालत नाहीं. पाहिलें तेंच लिहावें लागतें.

हेंच काम पुढें स्पेनमध्यें जन्मलेले फादर सांतापाव यांनीं चालविलें. खंडाळ्याच्या वनस्पतींवर त्यांनीं ग्रंथ लिहिला. आपण जिच्या काठ्यांचे कुड करतों ती कारवी कित्येक वर्षांनीं एकदांच फुलते व बीं धरून मरते. तिच्या या एकसमयावच्छेदें फुलण्याविषयींही त्यांनीं लिहिलें. एका झुडुपासाठीं कित्येक वर्षें थांबावयाचें, म्हणजे केवढी ही सबुरी! स्वतंत्र भारताच्या सरकारनें या धर्मगुरूंस भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचें प्रमुखपद दिलें, व सन १९६७ मध्यें पद्मश्री देऊन गौरविलें.

यावरून धर्म खरा ठरतो असें माझें म्हणणें नाहीं. ज्यांनीं मरेपर्यंत वेदीची सेवा केली त्यांनीं भिंगाखालीं पाकळ्याही मोजल्या, इतकेंच त्या मुलास सांगावें. सन १९७० मध्यें फादर सांतापाव वारले. त्यांनीं वाळविलेल्या डहाळ्या मात्र अभ्यासकांच्या उपयोगीं पडतच आहेत.