प्रेमाचे ग्रीक रकाने

मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी मला त्यांच्या मोबाइलवर आलेला मजकूर वाचायला दिला. शीर्षक होतं, 'प्राचीन ग्रीकांचे प्रेमाचे सात शब्द'. एरॉस म्हणजे कामना, फिलिया म्हणजे मैत्री, स्टोर्गे म्हणजे आईबापांची माया, अगापे म्हणजे निःस्वार्थ प्रेम, लुडस म्हणजे खेळकर प्रेम, प्राग्मा म्हणजे मुरलेला संसार आणि फिलाउटिया म्हणजे स्वतःवरचं प्रेम. बाईंनी विचारलं, "सर, हे खरं का हो?" म्हटलं, पुढच्या वेळी बोलतो. तर ते आज.

त्या मजकुराला हसायचा अधिकार मला नाही. पदवीच्या वर्गात मी स्वतः कितीतरी वर्षं फळ्यावर रकाने आखून एरॉस, फिलिया, अगापे असं लिहून देत होतो. मुलं उतरवून घेत, परीक्षेत तेच लिहीत आणि मी त्याला गुण देत असे. सात नव्हते, तीनच होते, एवढाच काय तो फरक.

आता यादीकडे बघा. लुडस हा शब्द ग्रीक नाहीच, तो लॅटिन आहे. प्राग्मा ग्रीक आहे खरा, पण त्याचा अर्थ काम, बाब, व्यवहार. या दोघांना प्रेमाच्या पंक्तीला बसवलं ते जॉन ॲलन ली या कॅनडातल्या समाजशास्त्रज्ञाने, १९७३ साली. आपल्या काळातल्या माणसांच्या प्रेम करण्याच्या तऱ्हांना त्याला नावं हवी होती, ती त्याने जुन्या भाषांतून उचलली. त्याआधी १९६० मध्ये सी. एस. लुईस यांनी ख्रिस्ती दृष्टीने चार प्रेमांवर पुस्तक लिहिलं. पुढे या दोन याद्यांची सरमिसळ झाली आणि ती प्लेटो-ॲरिस्टॉटलच्या नावावर खपू लागली.

बरं, जे शब्द अस्सल ग्रीक आहेत, ते तरी आपापल्या रकान्यात गप्प बसतात का? थुसिडिडीसच्या इतिहासात पेरिक्लिस युद्धात पडलेल्या अथेन्सवासीयांसाठी भाषण करतो आणि नागरिकांना सांगतो, या नगराचे प्रेमिक व्हा. तिथे शब्द एरॉसच्या घराण्यातला आहे. अगापेचं तर विचारूच नका. ज्यूंच्या धर्मग्रंथाचं जुनं ग्रीक भाषांतर आहे. त्यात दावीद राजाचा मुलगा अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारवर, बळजबरी करतो. नंतर त्याला तिचा इतका तिटकारा येतो, की आधीच्या प्रेमापेक्षा तो द्वेष मोठा होता, असं तिथे म्हटलं आहे. त्या 'प्रेमा'साठी भाषांतरकारांनी वापरलेला शब्द आहे अगापे! आमच्या तिसऱ्या रकान्यातला, सर्वांत पवित्र.

आपल्याकडे माया, लळा, जिव्हाळा, स्नेह, ओढ, वात्सल्य असे शब्द आहेत. म्हणून मराठी माणूस सहा प्रकारची प्रेमं करतो, असं आपण म्हणत नाही. आजीला नातवाचा लळा लागतो तशी मायाही असते. शब्द एकमेकांच्या अंगणात जातात-येतात. ग्रीकांचंही तसंच होतं.

मग ग्रीकांनी प्रेमाची वर्गवारी केलीच नाही का? केली. आणि तिथेच खरी गोष्ट सुरू होते. कारण ते प्रेमाचे प्रकार पाडतात, तेव्हा प्रेमाला योग्य कोण आणि अयोग्य कोण हेही ठरवत असतात.

प्लेटोचं 'सिम्पोझियम' घ्या. इ.स.पू. ४१६ मध्ये अगाथॉन या नाटककाराला बक्षीस मिळालं, त्यानिमित्ताने मंडळी त्याच्या घरी जमली आहेत. आदल्या दिवशीचं पिणं अजून उतरलेलं नाही, म्हणून आज बेताने प्यायचं आणि एरॉसवर बोलायचं असं ठरतं. बासरी वाजवणाऱ्या मुलीला सांगतात, तू जा, स्वतःशी वाजव नाहीतर आत बायकांना ऐकव. मग पॉसेनियस नावाचा पाहुणा म्हणतो की एरॉस दोन आहेत, एक स्वर्गीय, एक बाजारी. बाजारी प्रेम ते, जे बायकांवरही जडतं, शरीर बघतं, बुद्धी बघत नाही. स्वर्गीय प्रेमात स्त्रीचा अंशच नाही. ते प्रौढ पुरुषाचं तरुण मुलावरचं प्रेम. म्हणजे आधी मुलीला खोलीबाहेर काढलं आणि मग सगळ्याच बायकांना तत्त्वज्ञानातून. गंमत अशी, की सॉक्रेटिसची पाळी येते तेव्हा तो सांगतो, प्रेमाबद्दल मला जे कळतं ते एका बाईने शिकवलं, मांटिनियाच्या डिओटिमाने. प्लेटो हे मुद्दाम करतो असं माझं मत आहे. विद्वानांत यावर वाद आहेत, ते असोत.

ॲरिस्टॉटलकडे येऊ, मला त्याच्यापाशी जास्त थांबायचं आहे. त्याच्या नीतिशास्त्राच्या दहा भागांपैकी दोन, आठवा आणि नववा, फिलियावर आहेत. आम्ही भाषांतर 'मैत्री' करतो आणि फसतो. त्याच्या फिलियात नवरा-बायको येतात, भाऊ येतात, व्यापारातले भागीदार आणि एका नगराचे नागरिकही येतात. तो तीन प्रकार सांगतो: उपयोगापायी जडलेली, सुखापायी जडलेली आणि माणूस चांगला म्हणून जडलेली. तिसरीला वेळ लागतो, बरोबर बसून मीठ खावं लागतं, असं तो एका म्हणीच्या आधाराने सांगतो. आपण खाल्ल्या मिठाला जागतो, ग्रीक त्या मिठाने माणूस ओळखतो.

फिलियाचं सार प्रेम मिळण्यापेक्षा प्रेम करण्यात आहे, हे पटवायला तो उदाहरण घेतो आईचं. काही आया आपलं मूल दुसरीकडे वाढवायला देतात. मूल त्यांना ओळखतही नाही. त्या लांबून प्रेम करतात, परत काही मागत नाहीत, मूल नीट आहे एवढं त्यांना पुरतं. यादीप्रमाणे हे स्टोर्गे व्हायला हवं होतं. ॲरिस्टॉटलने मात्र तेच फिलियाचा पुरावा म्हणून पुढे केलं. हे उदाहरण नीट वाचलं त्या वर्षापासून मी रकाने आखणं सोडलं.

आणि हाच माणूस पुढे विचारतो, गुलामाशी फिलिया शक्य आहे का? उत्तर देतो, नाही. गुलाम म्हणजे जिवंत हत्यार. घोड्याशी, बैलाशी मैत्री नाही, तशी त्याच्याशीही नाही. पण लगेच पुढे जोडतो, की गुलाम म्हणून नाही, तरी माणूस म्हणून आहे. हे वाक्य मी पन्नास वर्षं वाचतो आहे. ज्याच्याशी माणूस म्हणून मैत्री होऊ शकते, त्याला हत्यार म्हणून ठेवता कसं येतं, हा प्रश्न तो स्वतःला विचारत नाही. गुलामगिरी निसर्गतःच योग्य आहे, असं 'राज्यशास्त्रा'त मांडणाराही तोच.

त्याचं मृत्युपत्र डायोजिनिस लाएर्टियसने जपून ठेवलं आहे. इ.स.पू. ३२२ मध्ये तो वारला. पत्नी पिथियस आधीच गेली होती. मला पुराल तिथेच तिच्या अस्थी आणून ठेवा, तिची तशी इच्छा होती, असं तो लिहितो. नंतरची सोबतीण हर्पिलिस, ती माझ्याशी चांगली वागली, तेव्हा तिला राहायला घर द्या, लग्न करायचं असेल तर योग्य माणूस बघा, असंही लिहितो. शेवटी नोकर येतात. काही गुलामांना नावानिशी मुक्त केलं आहे. माझी सेवा करणाऱ्या पोरांपैकी एकालाही विकू नका, वयात आली की सोडून द्या, असं कलम आहे. त्या कलमाला एक अटही जोडलेली आहे: त्यांची तेवढी लायकी असेल तर.