पुंगळीच्या बुडावरचं साल



मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटाची मासिक बैठक होती. हप्ते गोळा करून झाले, तेव्हा एका वहिनींनी पदराच्या गाठीतून एक काळी पडलेली पितळी नळी काढून सतरंजीवर ठेवली. भातखाचराचा बांध घालताना ती त्यांना सापडली होती. घरातल्या पोरानं तिची शिट्टी केली होती, आणि भंगारवाला पितळेच्या भावानं न्यायला तयार होता. ती होती बंदुकीच्या काडतुसाची रिकामी पुंगळी. एक आजी म्हणाल्या, "इष्टूर फाकड्याच्या लढाईतली असंल."

आपल्या मावळात हे नाव प्रत्येकीनं ऐकलेलं असतं. इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली. जानेवारी १७७९ मध्ये कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजेच आपला इष्टूर फाकडा, कार्ल्याजवळ मारला गेला. पुढे वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना तह करायला लावला. पण ही पुंगळी त्या लढाईतली असूच शकत नाही. का, ते ऐका.

त्या काळी काडतूस कागदाचं असे. कागदाच्या सुरळीत दारू आणि शिशाची गोळी. शिपाई ती दातानं फाडायचा, दारू नळीत ओतायचा, वर गोळी ठासायचा. १८५७ च्या उठावात गाईच्या आणि डुकराच्या चरबीवरून पेटलेली काडतुसं अशीच कागदी होती, हे आपण शाळेत शिकलोय. बार उडाला की मागं पुंगळी उरतच नसे. म्हणून वडगावच्या लढाईची खूण म्हणून शिशाचा गोळा सापडू शकेल, पितळी पुंगळी नाही. इंग्रजी फौजेत पितळेची काडतुसं आली ती १८६६ च्या सुमारास, स्नायडर बंदुकीबरोबर.

पितळच का? सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त असं हे पितळ बार होताना फुगतं, नळीला घट्ट चिकटतं, वायू मागं येऊ देत नाही. लगेच थोडं आकसतं, त्यामुळे पुंगळी सहज बाहेर ओढता येते.

आता वय कसं ओळखायचं? पुंगळीचं बूड पाहायचं. आम्ही ती चिंच लावून घासली नाही, कारण अक्षरं झिजतात. पाण्यानं माती काढली, बुडावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल फिरवली. मुलं नाण्याचा छाप घेतात ना, तसंच. इंग्रजी 'के' आणि 'एफ' ही अक्षरं, सरकारी मालाचा बाण, '४३' हा आकडा आणि रोमन सात उमटलं.

'के' आणि 'एफ' म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना. लोणावळा लोकल जिथं थांबते तीच खडकी. हा कारखाना १८६९ पासूनचा आहे. नुसता 'के' असता तर माल बहुधा इंग्लंडमधल्या कायनॉक कंपनीचा ठरला असता. '४३' म्हणजे १९४३, दुसऱ्या महायुद्धाचा काळ. रोमन सात हा थ्री नॉट थ्री रायफलीच्या काडतुसाचा नमुना, १९१० पासूनचा. त्या पुंगळीची लांबी साधारण साडेपाच सेंटिमीटर असते आणि बुडाची कड बाहेर आलेली बोटाला लागते. पुढच्या काळातल्या ७.६२ मिलिमीटर रायफलीची पुंगळी थोडी आखूड असते, आणि तिची कड बाहेर न येता वर खाच असते.

पण ध्यानात ठेवा, हे साल बनवल्याचं आहे, झाडल्याचं नाही. काडतुसं कोठारात वर्षानुवर्षं राहतात. थ्री नॉट थ्री तर आपल्या पोलिसांच्या खांद्यावर अगदी अलीकडेपर्यंत होती. म्हणजे ही पुंगळी १९४३ च्या आधीची नाही, एवढंच पितळ सांगतं. ती आपल्या बांधात कशी आली, सराव होता की शिकार, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं लागेल. म्हणून कुठल्या शेतात, किती खोल सापडली, हे आम्ही गटाच्या वहीत लिहून ठेवलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पुढच्या बैठकीला त्याच वहिनी घाबऱ्याघुबऱ्या आल्या. त्याच बांधात दुसरं काडतूस दिसलं होतं, आणि त्याच्या तोंडाशी गोळी तशीच होती. आम्ही कुणी हात लावला नाही. पोरांना लांब केलं, जागेवर काठी रोवली आणि ११२ ला फोन केला. जुनं आहे म्हणून ते निकामी असेल असं नसतं. गोळी नसली तरी बुडाच्या मधल्या टिकलीवर ठोका पडलेला नसेल, तर तीही उडू शकते. असलं काडतूस ठोकू नका, चुलीजवळ ठेवू नका, भंगारात देऊ नका. जिवंत काडतूस परवान्याशिवाय बाळगणं १९५९ च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे.

आणखी एक. धातू शोधायचं यंत्र घेऊन कुणी लोहगड, विसापूर किंवा कार्ले, भाजे, बेडसे लेण्यांपाशी खणायला निघालं, तर त्यांना अडवा. ही संरक्षित स्मारकं आहेत, तिथं परवानगीशिवाय खणता येत नाही.

वहिनींनी ती रिकामी पुंगळी भंगारात दिली नाही. पोलीस आले तेव्हा त्यांना दाखवली, छापाचा कागद मात्र आमच्या वहीत चिकटवला आहे. पोराला आम्ही बाजारातून शिट्टी आणून दिली. तुमच्या बांधात असं काही निघालं, तर आधी हात आवरा, मग वही उघडा.